बातमी आधी पोचते, हात मागून येतो : जुन्या युरोपात नव्या कल्पना कशा पसरल्या? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

ग्रीक-रोमन काळ आणि साधारण १४५० ते १७२० या काळातला युरोप यांबद्दल कुठेही बोललं, की नंतर चहाच्या कपाभोवती तेच प्रश्न हटकून येतात. ते उत्तरांसकट इथे मांडतो. काहींचं उत्तर दोन ओळींत आटोपतं, काहींचं संपता संपत नाही. त्यामुळे सगळ्यांना सारखी जागा मिळालेली नाही.

नवी कल्पना पसरते म्हणजे नेमकं काय पसरतं?

दोन वेगळ्या गोष्टी पसरतात आणि आपण त्यांची गल्लत करतो. एक बातमी, दुसरं कसब. ‘अमुक गावात पाण्यावर चालणारी चक्की आहे’ ही बातमी. ती व्यापाऱ्याच्या तोंडून, पत्रातून, पुस्तकातून कुठेही जाते आणि तिला वाटखर्च फारसा लागत नाही. कसब मात्र हातात असतं. तो माणूस बिऱ्हाड उचलून दुसऱ्या गावी गेला, तरच ते तिथे पोचतं. पुरणपोळीची कृती वाचून पहिल्याच दिवशी एकही पोळी न फाटता तव्यावर गेली, असं घर मला अजून भेटायचं आहे. खालची बहुतेक उत्तरं या एका फरकाभोवती फिरतात.

पण छापखाना आल्यावर सगळं पुस्तकात आलं ना? मग कारागिराची गरज काय उरली?

या प्रश्नाला माझं ठरलेलं उत्तर म्हणजे रेशमाच्या यंत्राची गोष्ट.

कोषातून निघालेला रेशमाचा धागा इतका नाजूक असतो की पीळ दिल्याशिवाय तो मागावर ताण्याला टिकत नाही. इटलीत, विशेषतः बोलोन्यात, हा पीळ देणारी पाणचक्कीवरची यंत्रं होती. एक चाक फिरलं की शेकडो चात्या एकदम गरगरायच्या. यंत्राचं गुपित बाहेर नेणाऱ्याला जबर शिक्षा होती. तरी १६०७ मध्ये पाडुआत विट्टोरिओ झोंका याचं यंत्रांवरचं एक पुस्तक छापून आलं आणि त्यात या यंत्राची आकृती चक्क होती. पुढे त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. निदान १६२० पासून त्याची एक प्रत ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात, कुणालाही हाती घेता येईल अशा कपाटात, ठेवलेली होती.

आणि इंग्लंडात हे यंत्र चालू कधी झालं? सुमारे शंभर वर्षांनी. जॉन लोम्ब नावाचा तरुण इटलीत गेला, तिथे ते यंत्र बघून आला आणि परतल्यावर सावत्र भाऊ थॉमसबरोबर त्याने डर्बीला डरवेंट नदीकाठी गिरणी उभारली. पेटंट १७१८ चं आहे. जॉन १७२२ मध्ये वारला. इटालियनांनी बाई पाठवून त्याला विष घातलं अशी दंतकथा आहे, ती दंतकथा म्हणूनच घ्या.

म्हणजे ज्या गोष्टीसाठी हा गडी समुद्र ओलांडून गेला, तिचं चित्र त्याच्याच देशात शंभर वर्षं धूळ खात होतं. त्याला कुणी मूर्ख म्हणेल. मी म्हणणार नाही. चित्रात चाकं दिसतात. धागा तुटायला लागला की कुठला भाग किती सैल करायचा, हे दिसत नाही.

मग दुर्बीण वर्षभरात सगळीकडे कशी पोचली?

चांगला प्रश्न, कारण वरच्या गोष्टीच्या हे अगदी उलट दिसतं. मिडलबर्गच्या हान्स लिपरहे या चष्मेवाल्याने ऑक्टोबर १६०८ मध्ये डच सरकारकडे पेटंट मागितलं. काही आठवड्यांतच आल्कमारचा याकोब मेटियस ‘मलाही हे जमतं’ म्हणत पुढे आला. पेटंट नाकारलं गेलं, कारण गोष्ट इतकी सोपी की गुपित राहणंच शक्य नव्हतं. एप्रिल १६०९ मध्ये पॅरिसमध्ये चष्मेवाल्याच्या दुकानात नळ्या विकायला होत्या. त्याच उन्हाळ्यात इंग्लंडात थॉमस हॅरियटने दुर्बिणीतून चंद्र पाहून त्याचं चित्र काढलं. गॅलिलिओच्या आधी! पण छापलं नाही, म्हणून नाव झालं नाही.

गुपित असं की कसब आधीच सगळीकडे पोचलेलं होतं. चष्मे इटलीत १३ व्या शतकाच्या शेवटी आले आणि पुढच्या तीनशे वर्षांत भिंगं घासणारे युरोपच्या बहुतेक मोठ्या शहरांत बसले होते. एक फुगीर भिंग, एक खोलगट भिंग, मध्ये नळी. एवढी बातमी त्यांना पुरेशी होती. पेंढा वाळलेला होता, फक्त ठिणगी पडायची होती.

पुढची पायरी मात्र चष्मेवाल्याच्या हातची नव्हती. बाजारातली नळी वस्तू तीनपट मोठी दाखवायची. गॅलिलिओने ऑगस्ट १६०९ मध्ये व्हेनिसच्या मानकऱ्यांना सान मार्कोच्या मनोऱ्यावर नेऊन आठपट दाखवणारी दुर्बीण दिली आणि वर्षअखेरीस तो वीसपटीवर पोचला. त्या दिवसांतली त्याची बाजाराची यादी शिल्लक आहे. तिच्यात तोफेचे गोळे आहेत, ऑर्गन वाद्याची कथलाची नळी आहे, जर्मन काच, आरशाचे तुकडे, स्फटिक, राळ, नमदा असं सामान आहे. आणि त्याच कागदावर पोराच्या सपाता, टोपी, छोले, तांदूळ, मनुका, साखर, मिरी, लवंग, दालचिनी. शोध लागतो तेव्हा घरात किराणाही भरावा लागतो. मला ही यादी त्याच्या कुठल्याही ग्रंथापेक्षा जवळची वाटते.

७ जानेवारी १६१० रोजी त्याला गुरू ग्रहाजवळ चांदण्या (त्याचे चंद्र) दिसल्या, मार्चमध्ये ५५० प्रतींचं पुस्तक आलं, आणि १६१५ मध्ये पेकिंगमध्ये एका जेझुइट पाद्र्याने चिनी भाषेतल्या पुस्तकात त्या शोधांची हकिगत छापली. पाच वर्षांत!

रोमनांनी एवढे रस्ते-पूल बांधले, मग त्यांच्याकडे यंत्रं का पसरली नाहीत?

पसरली होती. गुलाम फुकट राबायचे म्हणून यंत्रांची गरजच पडली नाही, ही समजूत २० व्या शतकात बरीच वर्षं टिकली आणि शाळेच्या पुस्तकांतून आपल्याकडेही आली. पाणचक्कीचं वर्णन इ. स. पूर्व पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमन वास्तुशिल्पी व्हिट्रुव्हियस करतो. थेसलोनिकेचा अँटिपॅटर एका छोट्या कवितेत जात्यावर बसणाऱ्या बायकांना सांगतो, की आता उशिरापर्यंत झोपा, तुमचं काम जलदेवतांनी उचललंय. (ओव्या मात्र बंद पडल्या असणार, हे त्याच्या लक्षात आलेलं दिसत नाही.) फ्रान्समध्ये आर्लजवळ बार्बेगाल इथे उतारावर आठ-आठच्या दोन रांगांत १६ चाकं होती, इ. स. दुसऱ्या शतकात. उत्खननं वाढली तशा रोमन पाणचक्क्या वाढत गेल्या आणि जुनी समजूत मागे पडली.

पण माझं आवडतं उदाहरण काचेचं आहे. आधी काचेचं भांडं म्हणजे मातीच्या गाभ्यावर वितळलेली काच गुंडाळत बसायची, नाहीतर साच्यात ओतायची. एकेका भांड्याला वेळ लागायचा, म्हणून काच श्रीमंताघरची. इ. स. पूर्व पहिल्या शतकाच्या मध्याला सीरिया-पॅलेस्टाइनच्या पट्ट्यात कुणीतरी नळीच्या टोकाला काचेचा गोळा घेऊन फुंकून पाहिलं. जेरुसलेमच्या उत्खननात त्या सुरुवातीच्या धडपडीचे अवशेष मिळालेत. दोन-तीन पिढ्यांत हे कसब रोमन साम्राज्यभर गेलं, आणि रोममध्ये एका तांब्याच्या नाण्याला काचेचा पेला मिळतो असं ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो लिहितो.

कसं गेलं? कारागिरांबरोबर. एन्निऑन नावाचा कारागीर साच्यात काच फुंकायचा आणि भांड्यावरच ग्रीकमध्ये नाव उठवायचा, ‘एन्निऑनने केलं’. दुसऱ्या बाजूला कधी, ‘घेणाऱ्याची आठवण राहो’. ही भांडी पूर्व भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यापासून इटलीपर्यंत सापडतात. शिवाय फुंकायच्या नळीला आणि छोट्या भट्टीला गाडीभर सामान लागत नाही. ज्या धंद्याची हत्यारं खांद्यावर मावतात, तो धंदा लवकर पसरतो.

न फुटणारी काच करणाऱ्याला सम्राट टायबेरियसने मारलं, हे खरं का?

पेट्रोनियसच्या कादंबरीतल्या मेजवानीत हा किस्सा येतो. ज्ञानकोश लिहिणारा प्लिनीही सांगतो, पण त्याचा स्वतःचाच त्यावर विश्वास दिसत नाही. अशाच जातीची एक गोष्ट सम्राटांची चरित्रं लिहिणारा स्युटोनियस देतो : कमी खर्चात जड खांब रोमच्या कॅपिटॉल टेकडीवर चढवायची युक्ती एका माणसाने आणली, सम्राट वेस्पाझियनने बक्षीस दिलं पण युक्ती वापरली नाही, कारण गरिबांची रोजंदारी बुडाली असती. दोन गोष्टींवरून सगळ्या रोमचा स्वभाव ठरवू नये.

अलेक्झांड्रियाच्या हीरो या ग्रीक यंत्रज्ञाने वाफेचं यंत्र केलं होतं. मग रेल्वे का नाही आली?

वाफेने फिरणारा पोकळ गोळा होता तो. त्यात जोर नव्हता. जोर हवा तर घट्ट बसणारा दट्ट्या आणि नीट गोल कोरलेलं नळकांडं हवं, आणि ते करणारे लोहार-ओतारी तेव्हा नव्हते.

एवढं ज्ञान हरवलं कसं? अलेक्झांड्रियाचं ग्रंथालय जळलं म्हणूनच ना?

एका आगीवर सगळं ढकलणं सोयीचं असतं. त्या ग्रंथालयाबद्दल ग्रीक वैद्य गेलन काही मासलेवाईक गोष्टी सांगतो. बंदरात लागलेल्या जहाजांवरची पुस्तकं जप्त व्हायची, नक्कल करून नक्कलच मालकाला परत. अथेन्सकडून थोर नाटककारांच्या अधिकृत प्रती मिसरचा राजा तिसऱ्या टॉलेमीने १५ टॅलेंट (त्या काळचं मोठं वजन) चांदी अनामत ठेवून आणल्या आणि अनामत बुडू दिली, पण मूळ प्रती परत केल्या नाहीत. ग्रंथालयाची पुस्तकं लांबवणाऱ्या मंडळींचा मूळपुरुष खुद्द राजा निघावा!

पण पपायरसची गुंडाळी फार टिकाऊ नसते. दर काही पिढ्यांनी कुणीतरी ती पुन्हा उतरवली नाही, तर आग लागायची वाट बघावी लागत नाही. आर्किमिडीजचा एक ग्रंथ असाच जवळजवळ गेला होता. १० व्या शतकातली प्रत १३ व्या शतकात खरवडून तिच्या चर्मपत्रांवर प्रार्थनेची पोथी लिहिली गेली. १९०६ मध्ये हायबर्ग या डॅनिश विद्वानाने खालची पुसट अक्षरं वाचली.

कसब हरवणं याहून अवघड प्रकरण आहे. अँटिकिथेरा बेटाजवळ बुडालेल्या जहाजातून १९०१ मध्ये जे पितळी वाटणारं काशाचं यंत्र निघालं, त्याची ३० दातेरी चाकं शिल्लक आहेत. सूर्य, चंद्र, ग्रहणं यांचा हिशेब ते करायचं. अशा यंत्रांबद्दल रोमन वक्ता सिसेरो लिहितो, म्हणजे बातमी पोचलीच होती. पण इतकं गुंतागुंतीचं चाकांचं काम युरोपात पुन्हा दिसायला हजाराहून अधिक वर्षं गेली. असं यंत्र मूठभर गिऱ्हाइकांसाठी, मूठभर हातांनी केलेलं असणार. ती मूठ सुटली की संपलं.

पेटंट कधीपासून?

सिबॅरिस या चैनीबद्दल बदनाम असलेल्या ग्रीक नगरात नवा पदार्थ काढणाऱ्या आचाऱ्याला वर्षभर तो एकट्यालाच करायची मुभा होती, असं ग्रीक लेखक अथेनियस एका जुन्या इतिहासकाराच्या हवाल्याने सांगतो. खरं असेल तर पहिलं पेटंट स्वयंपाकघरातलं!

कागदोपत्री : १४२१ मध्ये फ्लॉरेन्सने वास्तुशिल्पी ब्रुनेलेस्कीला मालवाहू नावेसाठी तीन वर्षांचा हक्क दिला. ती नाव पुढे संगमरवरासकट बुडाली. १४७४ मध्ये व्हेनिसने रीतसर कायदा केला, मुदत दहा वर्षं. इंग्लंडच्या १६२४ च्या कायद्यात १४ वर्षं आहेत. उमेदवारीची (उस्तादाच्या हाताखाली शिकायची) सात वर्षं, अशा दोन खेपा, म्हणून १४ असं त्याचं स्पष्टीकरण देतात. मला ते पटतं. नव्या हुन्नराचा मालक दोन तुकड्या शिकवून तयार करेल, मग हुन्नर सगळ्यांचा.

कल्पना चोरीला गेली तर?

लेखकांना रोममध्ये कायद्याचा आधार नव्हता. आपल्या कविता स्वतःच्या म्हणून वाचणाऱ्याला कवी मार्शल ‘प्लॅगियारियस’ म्हणतो, म्हणजे माणसं पळवणारा. प्लेजियरिझम शब्द तिथून आला.

नंतरच्या काळात शास्त्रज्ञांनी अजब वाट काढली. शोधाचं वाक्य घ्यायचं, अक्षरं विस्कटायची आणि तो घोटाळा पत्राने सगळ्यांना पाठवायचा. तारीख आपली, गुपितही आपलं. १६१० मध्ये गॅलिलिओने शनीबद्दल असं कोडं पाठवलं. खगोलज्ञ केप्लरने ते खटपटीने सोडवलं आणि उत्तर काढलं की मंगळाला दोन चंद्र आहेत. साफ चूक. गंमत म्हणजे १८७७ मध्ये मंगळाला खरोखर दोन चंद्र सापडले.

टार्टालिया या इटालियन गणितज्ञाने घन समीकरण सोडवायची रीत कार्दानो या दुसऱ्या गणितज्ञाला १५३९ मध्ये गुपित ठेवायच्या शपथेवर सांगितली. तीच रीत दुसऱ्याच्या जुन्या कागदांत आधीपासून आहे असं दिसल्यावर कार्दानोने १५४५ मध्ये ती छापून टाकली, टार्टालियाचं नाव घेऊन. टार्टालिया जन्मभर धुसफुसत राहिला. माझी सहानुभूती टार्टालियाला आहे, पण गणित पुढे गेलं ते कार्दानोमुळे.

राजेलोक कारागीर पळवायचे का?

सर्रास. व्हेनिसने १२९१ मध्ये काचेच्या भट्ट्या मुरानो बेटावर हलवल्या आणि कारागिरांना बाहेर जायची बंदी घातली. तरी १६६५ च्या सुमारास फ्रेंच मंत्री कोल्बेरने काही आरसेवाले पॅरिसला फोडून नेलेच. उलटही व्हायचं. १६८५ मध्ये चौदाव्या लुईने प्रोटेस्टंटांचं संरक्षण काढून घेतलं आणि अंदाजे दोन लाख माणसं फ्रान्स सोडून गेली. त्यांतले रेशीम विणणारे लंडनच्या स्पिटलफील्ड्समध्ये बसले. फ्रान्सने आपलं कसब स्वतःच सीमेपलीकडे पोचवलं, तेही बिनखर्चात.

शास्त्रज्ञ एकमेकांना नुसती पत्रं लिहून भागवायचे?

बऱ्याच अंशी. दक्षिण फ्रान्सच्या पेरेस्क या विद्वानाची सुमारे दहा हजार पत्रं होती. १६६५ मध्ये पॅरिस आणि लंडन इथे नियतकालिकं निघाली. लंडनचं काढणारा ओल्डनबर्ग रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या संस्थेचा चिटणीस. परदेशी पत्रव्यवहारामुळे संशय येऊन १६६७ मध्ये तो काही काळ लंडनच्या टॉवर किल्ल्यातल्या तुरुंगातही बसला.

पण पत्रावर विश्वास कसा ठेवायचा? डेल्फ्टचा कापडवाला लेव्हेनहूक १६७३ पासून डचमध्ये सोसायटीला लिहू लागला. पाण्यात बारीक जीव दिसतात म्हणाला, पण भिंगं कशी करतो ते सांगेना. त्याने गावच्या प्रतिष्ठितांच्या साक्षी पाठवल्या. शेवटी १६७७ मध्ये सोसायटीच्याच हूकने लंडनमध्ये स्वतःचा सूक्ष्मदर्शक जुळवून ते जीव सभासदांना दाखवले, तेव्हा शंका मिटली.

चर्चने सगळं दाबून टाकलं ना?

दाबलं, पण सारखं नाही. पृथ्वी सूर्याभोवती फिरते असं सांगणाऱ्या कोपर्निकसच्या १५४३ च्या ग्रंथावर १६१६ मध्ये ‘दुरुस्ती होईपर्यंत’ बंदी आली आणि १६२० मध्ये दुरुस्त्यांची यादी निघाली. शिल्लक प्रती तपासल्या तर इटलीतल्या पुष्कळ प्रतींत त्या ओळी शाईने खोडलेल्या आहेत. इटलीबाहेर जवळजवळ कुणी खोडल्या नाहीत.

यात आपला काही संबंध?

आहे, दोन्ही दिशांनी. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकाच्या अखेरीस तांबड्या समुद्रावर अर्धमेला सापडलेल्या एका हिंदी खलाशाने टॉलेमीच्या दरबारला भारताची समुद्रवाट दाखवली, असं स्ट्रॅबो पोसिडोनियस या आधीच्या लेखकाच्या आधाराने सांगतो. स्ट्रॅबोच्या काळापर्यंत मिसरच्या एका बंदरातून वर्षाला १२० जहाजं भारताकडे निघत. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक खलाशी-वाटाड्यात कल्याण, सोपारा, पैठण आणि तेर यांची नावं आहेत.

तिकडून आलेलं आपण रोज बोलतो. पत्रिकेतला होरा आणि केंद्र हे ग्रीक शब्द. सुरुंग ग्रीक ‘सिरिंक्स’वरून, दाम ‘द्राख्मे’वरून. इकडून गेलेले अंक इटालियन गणितज्ञ फिबोनाचीने १२०२ मध्ये लॅटिनमध्ये समजावले, तरी १२९९ मध्ये फ्लॉरेन्सच्या सराफांच्या संघाने हिशेबाच्या वह्यांत ते वापरायला मनाई केली होती.

गोव्यात छापखाना १५५६ मध्येच आला. मग मराठी पुस्तकं एवढी उशिरा का?

तो छापखाना खरं तर इथिओपियाला निघाला होता, गोव्यात राहिला. १५६३ मध्ये तिथे गार्सिया द ओर्ताचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक छापलं गेलं आणि चारच वर्षांत वनस्पतिशास्त्रज्ञ क्लुसियसने त्याचा लॅटिन संक्षेप अँटवर्पला काढला. गोव्याची बातमी युरोपात चार वर्षांत! पण फादर स्टीफन्सचं मराठी ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापलं ते रोमन लिपीत, कारण देवनागरी खिळे (छपाईची धातूची अक्षरं) नव्हते.

खिळा करायचा म्हणजे आधी पोलादाच्या टोकावर अक्षर उलटं कोरायचं, तो ठसा तांब्यावर ठोकायचा, आणि त्या खळग्यावर साचा बसवून शिशाचा रस ओतायचा. गुटेनबर्गला हे जमलं, कारण तो सोनारकामातून आला होता. रोमनला काही डझन ठसे पुरतात. देवनागरीला काना-मात्रा, रफार, जोडाक्षरं धरून कितीतरी पट अधिक.

सुरतेचे व्यापारी भीमजी पारेख यांनी १६७० च्या सुमारास ईस्ट इंडिया कंपनीकडे मुद्रक मागितला. त्यांना जुने ग्रंथ छापायचे होते. १६७४ मध्ये हेन्री हिल्स नावाचा मुद्रक मुंबईत उतरला, सोबत यंत्र आणि कागद. तो छापायला तयार होता. पण त्याला खिळे कोरता येत नव्हते. भीमजींनी पुन्हा कंपनीकडे मागणी केली, की आता खिळे पाडणारा माणूस पाठवा.